खुराकाची दोन अंडी

दिवेलागण झाली की आजही माझा हात आपोआप भिंत शोधतो. डोळे शाबूत आहेत, चष्मा लागला तो वयाचा. तरी उजेड कमी होऊ लागला की मी घरातला एकेक दिवा लावत सुटतो. बायको म्हणते, बिल काय तुमचा बाप भरणार? तिला सगळं सांगायचं म्हणजे आधी मायबद्दल सांगावं लागेल, आणि ते मला अजून तोंडानं जमलेलं नाही. म्हणून लिहितो आहे.

मी बास्केटबॉलचा खेळाडू होतो. आमच्या बालाघाट गावात हे सांगितलं की आताची पोरं हसतात, त्यांना वाटतं म्हातारा फेकतो आहे. पण मी त्या खेळाचाच पगार खाल्ला. गावापासून दीड-दोन कोसांवर मँगनीजची खाण होती आणि तिथल्या साहेब लोकांना संघ बाळगायचा शौक. रेल्वेचा संघ आहे, पोलिसांचा आहे, पोलाद कारखान्याचा आहे, मग आपलाच का नको, म्हणून त्यांनी आसपासची दहा-बारा उंच पोरं धरून आणली आणि कारकून म्हणून कागदावर चढवली. मी टाइम ऑफिसात मजुरांची हजेरी मांडायचो आणि चार वाजले की मुरमाच्या मैदानावर चेंडू घेऊन पळायचो. पगार हायस्कुलातल्या मास्तरापेक्षा थोडा जास्तच. चेंडू खेळून पैसे मिळतात हे आमच्या वॉर्डात कुणाला पटत नसे. एका शेजाऱ्यानं तर मायला विचारलं होतं, "पोरगं खरंच चेंडू खेळते का जुगार खेळते वो?"

नोकरी मात्र कच्ची. दर उन्हाळ्यात साहेब यादी काढायचे. नाव असलं तर वर्षभराची निश्चिंती, नसलं तर चेंडू खाली ठेवा आणि चालू लागा. सलग तीन याद्यांत नाव आलं तो पक्का. मला वडील नव्हते. वारासिवनीकडे थोडी धानाची जमीन होती ती बटईनं, वाट्यावर दिलेली, आणि ओळीनं दोन वर्षं पावसानं दगा दिलेला. घरात माय आणि मी. दोघांचं पोट त्या यादीवर होतं. हे मी एक दिवसही विसरलो नाही, आणि म्हणूनच निवडीच्या दिवशी खोटं बोललो.

त्या दिवशी साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. उंची सहा फूट एक इंच, आणि अंगावर मांस म्हणाल तर वाळत घातलेल्या सदऱ्याइतकं. ते म्हणाले, "अंडा-वंडा खाते हो?" आता आमचं घर महानुभाव पंथाचं, गुरूचा उपदेश घेतलेलं. मांस, मच्छी, अंडं, दारू यांचं घरात नाव काढायचीही सोय नाही. मायनं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. समोरच्या घरची कोंबडी अंगणात येऊन गेली तरी ती तिथं पाणी शिंपडायची. पण माझ्या आधीच्या पोरानं "शाकाहारी हूँ" म्हटल्याबरोबर साहेबांनी ओठ मुडपलेले मी पाहिले होते. मी म्हणालो, "खाता हूँ, सर. रोज."

झालं. खाणीत पद्धत अशी होती की सराव संपला की प्रत्येक खेळाडूला कँटीनमधून खुराक मिळायचा. दोन अंडी, अर्धा शेर दूध, दोन केळी. घ्यायचा आणि सही करायची. गावात राहणाऱ्यांना अंडी कच्चीच मिळत, घरी जाऊन खा म्हणून. पहिल्या दिवशी ती दोन अंडी रुमालात बांधून मी सायकलवर निघालो, जणू चोरीचा माल नेतो आहे. घरी नेणं शक्यच नव्हतं. फेकावी म्हटलं तर दुष्काळाचे दिवस, हात धजेना. वाटेत दवाखाना लागायचा. त्याच्या मागच्या अंगाला क्षयाच्या रोग्यांची बराक होती. तिथं व्हरांड्यात लामता गावाकडचा एक म्हातारा बसलेला असायचा. मी अंडी त्याच्या हातात ठेवली आणि वळून न पाहता सुटलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ते रोजचंच झालं. बराकीतली आया अंडी उकडून द्यायची, आणि म्हातारा सगळ्यांना सांगत सुटला की हा उंच बाबू देवमाणूस आहे.

दान म्हणजे आपल्याला हवी असलेली वस्तू दुसऱ्याला देणं. मला जी वस्तू नकोच होती ती देऊन मी दानशूर झालो. एका वार्ताहरानं चार ओळी छापल्या. साहेबांनी एका समारंभात माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की हमारा खिलाड़ी अपने मुँह का निवाला मरीज़ों को देता है. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी गप्प राहिलो. पण नाव झालं की त्याची किंमत मोजावीच लागते. बराकीतले दुसरे रोगी माझ्या हातातल्या दुधाच्या बाटलीकडे बघू लागले. देवमाणसानं त्यांच्यासमोरून दूध कसं न्यायचं? दूधही देऊ लागलो. मग केळी. घरी जेवायला भात, पातळ वरण, मिरचीचा ठेचा. त्या वर्षी भाजीपाला डोळ्यांना दिसत नव्हता. एवढ्यावर मी रोज दोन तास ऊर फुटेस्तोवर धावत होतो आणि वर्षभरात दुसऱ्या यादीतही नाव लावून बसलो होतो. एकच यादी उरली होती.

संक्रांत नुकतीच झाली होती. सराव लांबला, सूर्य झाडांमागे गेला. एका गड्यानं मला चेंडू फेकला, त्याचा हात हललेला मला दिसला आणि चेंडू दिसलाच नाही. तो थेट छातीवर आदळला. सगळे हसले, मीही हसलो. वर पाहिलं तर चेंडू टाकायचं कडं नव्हतं. खांब होता, फळी अर्धवट होती, आणि जिथं कडं असायला हवं तिथं राखाडी काहीतरी होतं. मी डोळे चोळले. बाकीचे बिनदिक्कत खेळत होते, म्हणजे त्यांना दिसत होतं. पाय मुरगळला असं सांगून मी बाहेर बसलो.

घरी जाताना रस्ता संपला. खरंच संपला असं वाटलं. आकाशाची फिकट पट्टी दिसत होती, खाली नुसता काळोख. मी सायकलवरून उतरलो, दोनदा नालीत गेलो, शेवटी पुढून एक बैलगाडी गावाकडे चालली होती तिच्या घुंगरांच्या मागं मागं हँडल धरून चालत राहिलो. गाडी मध्येच दुसरीकडे वळली तर माझं काय होईल या विचारानं मी रडकुंडीला आलो होतो. सकाळी उठलो तर सगळं लख्ख. खिडकी, झाड, मायचं लुगडं, सगळं जागच्या जागी. म्हटलं, थकवा असेल. संध्याकाळी पुन्हा तेच.

त्यानंतरचे तीन महिने मी घड्याळाला भिऊन काढले. साडेपाचला पोट दुखू लागायचं, म्हणजे मी तसं सांगायचो. कधी डोकं, कधी मायची तब्येत, कधी घरी पाहुणे. मैदानाची मोजणी पावलांनी पाठ केली होती. रेघेपासून कड्याखाली किती पावलं, फेकायच्या जागेवरून हात किती उचलायचा. अंधुक उजेडात मी डोळ्यांनी नव्हे, पाठांतरानं खेळत होतो. सोबतचे गडी म्हणू लागले की याचं कुठंतरी जमलं आहे, म्हणून दिवस बुडायच्या आत पळतो. मी ते खोडून काढलं नाही. बदनामी परवडली, पण आंधळा खेळाडू कोण ठेवून घेईल? खाणीच्या डॉक्टरकडे जायची सोयच नव्हती. त्याची चिठ्ठी आधी साहेबांच्या टेबलावर जायची.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. चैत्रात साहेबांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, कळलं. साहेब मात्र खुशीत होते. क्षयाच्या बराकीसाठी पैसा जमवायला गावात तिकीट लावून सामना ठेवायचा, नागपूरहून तगडा संघ बोलवायचा, आणि ही सगळी कल्पना त्यांना माझ्या अंड्यांवरून सुचली होती. "तुम्हारी वजह से," ते म्हणाले. सामना मे महिन्यात. दिवसा उन्हात कोण येणार, म्हणून खाणीतले मोठे दिवे आणून, रात्रीचा दिवस करून खेळायचं. गावानं असं काही पाहिलेलं नव्हतं. आणि सामन्यानंतर यादी. मी "जी सर" म्हणून बाहेर आलो आणि कँटीनच्या मागं जाऊन बसलो. खोट्या दानानं मला चांगलंच घेरलं होतं.

दुसऱ्या रविवारी मी वारासिवनीला गेलो. तिथल्या दवाखान्यात मला खेळाडू म्हणून ओळखणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी पापण्या वर करून बॅटरीचा उजेड टाकला आणि विचारलं, खाता काय? मी सांगितलं. ते म्हणाले, "रातांधळेपणा आहे. अन्नात सत्त्व नाही. दूध, हिरवा पाला, पपई खायला लागा; पण लवकर गुण हवा असेल तर अंडी खा, कलेजी खा. नाही खाल्लं तर दिवसाचंही जाईल." मग माझ्या अंगापिंडाकडे बघून विचारलं, काम काय करता? मी म्हणालो, शेती. बसमध्ये येताना मला हसू की रडू कळत नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं रोज दोन अंडी माझ्या हातातून गेली होती, माझ्या सहीनिशी.

त्याच आठवड्यात मी एक अंडं कँटीनवाल्याकडून उकडून घेतलं आणि खाणीच्या मागच्या टेकाडावर जाऊन तोंडात घातलं. घास गळ्यापाशी आला आणि मायचा चेहरा आठवला. लहानपणी तिनं सांगितलेलं की उपदेश घेऊन जो मोडतो त्याला पुढं देवाचं दार नाही. मी भडाभडा ओकलो. दोन्हीकडून भीतीच होती. इकडे डोळे, तिकडे देव, आणि मध्ये मी गुडघ्यात डोकं घालून बसलेला.

मग एका संध्याकाळी साहेबांनी सामन्याच्या बैठकीत अडकवून ठेवलं. निघालो तेव्हा पुरता अंधार. मी सायकल हातात धरून, एक पाय रस्त्याच्या कडेच्या गवतावर ठेवत, चाचपडत घरी आलो. उंबरा ओळखीचा होता, आतलं ओळखीचं होतं, म्हणून जरा घाईनं पाऊल टाकलं. माय तेव्हा देवाच्या स्मरणाला बसलेली. माझा पाय पोथीच्या पाटावर पडला. पाट उलटला, पोथी घसरली, मी भिंतीवर आदळलो.

माय उठली. तिनं माझी हनुवटी धरून तोंड खाली ओढलं आणि वास घेतला.

"दारू पेला?"

एक क्षण असं वाटलं की हो म्हणावं. दारुडा पोरगा एक वेळ सुधारतो.

"बोल ना! पोथीवर पाय देऊन राह्यला, धुंदीत हायस का तू?"

"दारू नाही, माय," मी म्हणालो. "मले दिसून नाही राह्यलं."

चिमणीची ज्योत मला दिसत होती, एक पिवळा ठिपका. त्याच्या आजूबाजूला माय कुठं होती ते दिसत नव्हतं.

"कवापासून?"

"संक्रांतीपासून. दिवसा दिसते. दिवस बुडाला का नाही दिसत."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तू भेली असती."

"आता का नाही भेली मी?" तिचा आवाज फुटला. मग मी सगळंच सांगून टाकलं. साहेबांपुढचं खोटं, दवाखान्यातली अंडी, सामना, वारासिवनीचे डॉक्टर, टेकाडावरची उलटी. सांगताना मी रडत होतो. मला वाटलं ती मारेल. तिनं पोथी शोधून कपाळाला लावली, पाट सरळ केला, आणि म्हणाली, "उद्या ते आण घरी."

"काय?"

"तेच. जे देते ते खाणवाले."

दुसऱ्या दिवशी मी ऊन असतानाच घरी पोचलो. मायनं परसात तीन दगड मांडून वेगळी चूल केली होती. घरातलं भांडं तिला बाटवायचं नव्हतं, आणि अंड्याचं काय करतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं आपल्या मनानं ठरवलं. वांगं भाजतात, रताळं भाजतात, तसंच हे. पदरानं धरून दोन्ही अंडी तिनं निखाऱ्यात पुरली आणि दोन हात लांब जाऊन उभी राहिली. अंडं उकडतात हे मी पाहिलं होतं, पण निखाऱ्यात ते फुटतं हे मलाही कुठं ठाऊक होतं? मीही बघत राहिलो. थोड्या वेळानं बंदुकीसारखा बार झाला. राख उडाली, टरफलं उडाली, आणि पांढरा लगदा मायच्या लुगड्यावर, हातावर, कपाळावर. ती किंचाळून खालीच बसली. दुसरं अंडंही फुटलं.

बार ऐकून समोरच्या घरची बाई धावत परसाच्या कुंपणापाशी आली. तिच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि अंगणात कोंबड्या. याच दोन गोष्टींसाठी मायनं बारा वर्षं तिच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. त्या बाईनं चूल पाहिली, मायचं कपाळ पाहिलं आणि तिला सगळं समजलं असावं. "वो माय, ते का वांगं हाय निखाऱ्यात घालाले?" ती म्हणाली. "पाण्यात उकडा लागते." ती आत गेली, आपल्या घरची दोन अंडी आणि एक जर्मनची डेगची घेऊन आली, आणि मायच्या शेजारी उकिडवी बसून तिनं ती उकडून, सोलून दाखवली. एक शब्द विचारला नाही. मायनंही तिला नको म्हटलं नाही.

"तोंड उघड," माय मला म्हणाली. मी डोळे मिटले. ती म्हणाली, "आयक. तू नाही खात, मी चारून राह्यली. देव इचारन त मले इचारन. तुयावर काही नाही." तिनं आपल्या हातानं तो घास माझ्या तोंडात घातला आणि तळहातानं माझं तोंड दाबून धरलं, मी गिळेपर्यंत. तिच्या हाताला राखेचा वास येत होता. ह्या वेळी उलटी झाली नाही.

रोज तेच सुरू झालं. अंडी, दूध, केळी सगळं घरी. माय कुठून कुठून शेवग्याचा पाला आणायची. रात्री चिमणीपाशी आम्ही दोघं जेवायला बसायचो. मला माझी थाळी हातानंच कळायची. मी विचारायचो, "माय, जेवून राह्यली ना?" ती म्हणायची, "हौ, जेवून राह्यली." समोरून तिच्या थाळीवर बोटांचा आवाज यायचा, लोट्यातलं पाणी प्यायल्याचा आवाज यायचा.

दवाखान्यात मात्र मी तोंड चुकवू लागलो. दोन आठवड्यांनी साहेबच मला सोबत घेऊन बराकीत गेले. सामन्याच्या जाहिरातीसाठी फोटो काढायचा होता. लामत्याचा म्हातारा आपल्या खाटेवर बसलेला. आधीपेक्षा खंगलेला, की मला तसं वाटलं. साहेबांनी त्याला विचारलं, "क्यों बाबा, अंडे बराबर मिलते हैं न?"

माझी पाचावर धारण बसली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि म्हणाला, "मिलते हैं साहब. रोज मिलते हैं." फोटोवाल्यानं फोटो काढला. साहेब पुढच्या खाटेकडे गेले तेव्हा म्हाताऱ्यानं माझी बाही धरली. "बाबू," तो हळूच म्हणाला, "तुया घरी कोणी बिमार हाय का?"

"हौ," मी म्हणालो.

"मंग त्याले चार. आमचं होते कसंबी." एवढं म्हणून त्याला खोकल्याची उबळ आली. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नंतर एकदाच वाटली, आणि त्याबद्दल पुढं सांगतो.

सामन्याचा दिवस उजाडला. डोळे सुधारत होते असं वाटत होतं, पण खात्री कशाची? घरात चिमणीच्या उजेडात मी स्वतःला तपासायला भीत होतो. न पाहिलेलं बरं. मैदानाभोवती खाणीतले दिवे बांबूंवर बांधले होते. अख्खं गाव लोटलेलं, बायका चटया घेऊन आलेल्या. माझं नाव पुकारलं तेव्हा दवाखान्याचा दानशूर म्हणून पुकारलं. मी पावलं मोजत आत गेलो.

दिव्यांच्या उजेडात दिसत होतं. पण चेंडू दिव्यांच्या वर गेला की माझा जीव खाली जायचा. मी नेहमीचा खेळ खेळलोच नाही, जवळजवळ राहून, पाठ केलेल्या जागांवरून फेकत राहिलो. दुसऱ्या डावात एकाएकी एका बाजूच्या दिव्यांची रांग गेली. लोक ओरडले. शिट्टी वाजली नाही, खेळ सुरूच राहिला, आणि चेंडू नेमका माझ्या हातात. मी जागच्या जागी थिजलो. हाच तो क्षण, आता गावासमोर उघडं पडायचं, असं वाटलं. मान वर केली. अर्ध्या काळोखात कडं दिसत होतं. गोल, गंजलेलं, खाली फाटकी जाळी लोंबत असलेलं. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो असणार, कारण एका गड्यानं "मार ना बे!" म्हणून शिवी हासडली. मी मारला. तो आत गेला की नाही ते आठवत नाही, कड्याची कडा दिसली एवढंच आठवतं.

आम्ही हरलो. पण तिकिटं सगळी खपली होती, साहेब खूश होते. पाठ थोपटत म्हणाले, यादीत नाव आहेच, या महिन्यातच पक्क्याचा कागद मिळेल. मी सायकलवर बसून घरी आलो. बसून! रस्ता दिसत होता, नालीची कड दिसत होती, रेल्वेचं फाटक दिसत होतं. मी एकटाच हसत होतो.

मायला ओरडून सांगितलं. तिनं देवाला दंडवत घातला, डोळे पुसले आणि पानं मांडली. चिमणी नेहमीच्या जागी. मी पहिला घास घेतला आणि सवयीनं विचारलं, "जेवून राह्यली ना, माय?"

"हौ, जेवून राह्यली."

मी वर पाहिलं. समोर थाळी होती. थाळीत काही नव्हतं. मायची बोटं रिकाम्या थाळीवर फिरत होती, उचलून ओठांपर्यंत जात होती, पुन्हा खाली येत होती. मग तिनं लोट्यातलं पाणी प्यायलं. तिनं मान वर केली तेव्हा मी बघतो आहे हे तिला दिसलं, आणि तिचा हात थाळीतच थांबला.

"कवापासून?" मी विचारलं. तिचाच प्रश्न होता.

"तू खाऊन राह्यला तवापासून. मी चारलं, मले काही त करा लागन ना. सकाळचं जेवते मी. रातचं सोडलं."

मी म्हणालो, उद्यापासून अंडं बंद. डोळे आले आहेत, दूध आहे, पाला आहे, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. तिनं माझं तोंडच बंद केलं. "पुन्हा गेले डोळे त? पुन्हा गेली नोकरी त?" ती म्हणाली. आणि मी तिचं ऐकलं. लाजेची दुसरी गोष्ट ही. मी ऐकलं ते ती आई म्हणून नव्हे, मी भ्यालो म्हणून. पुन्हा एकदा तो काळोख नको, एवढंच माझ्या मनात होतं. पक्का झालो तेव्हापासून बराकीसाठी रोजची अंडी मी पगारातून विकत घेतली, लामत्याचा म्हातारा बरा होऊन घरी गेला त्यानंतरही घेत राहिलो. लोक पुन्हा दानशूर म्हणू लागले. पण खुराकाची दोन अंडी मी रोज परसातल्या चुलीपाशी बसून खाल्ली, आणि रात्री माय समोर बसून पाणी प्यायची. आता ती खोटी थाळी मांडत नव्हती, एवढाच फरक.

मी आणखी नऊ वर्षं खेळलो. मग गुडघा गेला, मला कायमचं ऑफिसात बसवलं आणि खुराक बंद झाला. त्या दिवशी घरी येऊन मी मायला सांगितलं की उद्यापासून अंडं नाही, औषध संपलं. तिनं परसातले तीन दगड उचलून कुंपणापलीकडे टाकले, अंघोळ केली, आणि रात्री कितीतरी वर्षांनी आपल्या थाळीत भात वाढून घेतला. मी समोर बसलो होतो, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन घास झाले आणि तिनं थाळी बाजूला सारली.

"काय झालं, माय?"

"जात नाही रे," ती म्हणाली. "सवय मोडली."